बालेकिल्ला कुणाचा? सांगलीच्या मतमोजणीचा एक दिवस

मी सांगलीत एका लोकल पेपरच्या डेस्कवर आहे. मतमोजणीच्या दिवशी माझं काम राऊंड पकडायचं. केंद्राच्या मीडिया रूममधून आमचा पोरगा फेरीचे आकडे व्हॉट्सॲपला टाकतो, मी ते एक्सेलमध्ये भरतो, लीड काढतो, आणि मागनं संपादक दर दहा मिनिटाला "काय हेडिंग लावायचं सांग" म्हणून ओरडत असतात.

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार, विधानसभेचा निकाल. त्या दिवशी माझ्या शीटमध्ये शेजारच्या कॉलमला लोकसभेचे आकडे पण होते, मुद्दाम ठेवलेले. कारण लोकसभेला मे-जूनमध्ये जे झालं ते अजून डोक्यातनं गेलं नव्हतं. महाविकास आघाडीत सांगलीची जागा काँग्रेसऐवजी ठाकरेंच्या सेनेला गेली, त्यांनी डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांना उभं केलं, आणि वसंतदादांचे नातू, काँग्रेसचे विशाल पाटील लिफाफा चिन्ह घेऊन अपक्ष लढले आणि भाजपचे खासदार संजयकाका पाटलांना एक लाखानं पाडून आले! चंद्रहार साठ हजारांच्या आसपास थांबले. सांगली आणि मिरज दोन्ही मतदारसंघात लिफाफा पुढं. हे तेच शहर जिथं २०१४ पासून आमदार भाजपचे सुधीर गाडगीळ, आणि २०१८ ला महापालिकेत ७८ पैकी ४१ नगरसेवक भाजपचे. बरं, ४१ असूनही फेब्रुवारी २०२१ ला महापौर राष्ट्रवादीचा झाला, हे आमच्या शहराचं आणखी एक वेगळंच प्रकरण.

तर नोव्हेंबरला ऑफिसात सगळ्यांचं गणित ठरलेलं, की २०१९ ला गाडगीळ सात हजारांच्या आतच वाचले होते, यावेळी तर त्यांनी स्वतःच आधी लढणार नाही म्हणून जाहीर केलेलं आणि मग परत उभे राहिले, वर मे महिन्याची हवा, म्हणजे अवघड आहे. फक्त काँग्रेसमध्ये घोळ. तिकीट पृथ्वीराज पाटलांना, आणि दिवंगत काँग्रेस नेते मदनभाऊ पाटलांच्या पत्नी जयश्रीताई अपक्ष. आणि खासदार विशाल पाटील उघड जयश्रीताईंच्या बाजूनं! म्हणजे सहा महिन्यांपूर्वी शहरानं ज्याला लीड दिलं तोच माणूस आता मत मागत फिरतोय.

आठला टपाली मतं सुरू झाली, मग मशिनं. सुरवातीच्या फेऱ्यांत आम्ही गप्प होतो, दरवेळी कुणीतरी म्हणायचं थांब, अजून अमुक भाग यायचाय. भाग येत गेले आणि गाडगीळांचं लीड काही कमी होईना. शेवटी छत्तीस हजारांवर. पृथ्वीराज ७६ हजारांवर थांबले, जयश्रीताई तिसऱ्या, ३२ हजारांच्या वर. कट्ट्यावर लगेच सुरू झालं, फाटाफूट झाली म्हणून हरलो. मी दोघांची बेरीज केली, गाडगीळांच्या १ लाख १२ हजारांपेक्षा ती पण कमीच भरत होती. थोडीच, पण कमी. आणि ती सगळी मतं एकाला पडली असती हे तर कोण छातीठोक सांगणार.

आमचा मशीनवरचा जुना माणूस, तीस-पस्तीस वर्षं छपाईत गेलेली, माझ्या स्क्रीनकडं बघून म्हणाला, "सायेब, मी मे मध्ये लिफाफ्याला दिलं, आता कमळाला. वसंतदादांच्या घरातल्या पोराचं तिकीट परस्पर दुसऱ्याला देत्यात व्हय? ते मत त्यासाठी हुतं. आमदाराचं येगळं." मी विचारलं, लाडक्या बहिणीचं काय? तर म्हणाला, "ते घरात बायकोला इचारा." आमच्या विश्लेषणाच्या अख्ख्या पानात एवढं सरळ कुणी लिहिलं नव्हतं.

मग मी लायब्ररीतनं जुन्या फायली काढल्या. लोकसभेला १९६२ पासून २०१४ पर्यंत सलग काँग्रेस, म्हणून आम्ही दरवेळी बालेकिल्ला छापतो. पण त्याच काळात, १९८६ च्या पोटनिवडणुकीत, याच सांगलीनं दादांच्याच घरातल्या विष्णुअण्णांना पाडून पैलवान संभाजी पवारांना आमदार केलं होतं. जनता पक्षाकडनं! पुढं २००९ ला तेच पवार भाजपकडनं आले. म्हणजे दिल्लीला एक आणि मुंबईला दुसरा ही सवय काल-परवाची नाही, आणि पैलवान चालत नाही असंही नाही, फक्त तो कुणाची जागा घेऊन उभा राहिलाय ते लोक बघतात. माझं तरी असं मत झालंय, संपादकांना पटत नाही.

हेडिंग काय लागलं? "भाजपचा बालेकिल्ला अभेद्य." मी म्हटलं, सर, जूनमध्ये आपणच काँग्रेसचा लावलाय. ते म्हणाले, पान सोड आता.

जून २०२५ ला जयश्रीताई भाजपमध्ये गेल्या. त्यांची ती ३२ हजार मतं आता कुठल्या कॉलमला टाकायची म्हणून संपादकांना विचारलं, तर अजून उत्तर आलेलं नाही.