हशा कुणाच्या वाट्याला?

नाटक कसं चाललंय हे विंगेत डोळे मिटून उभं राहिलं तरी कळतं. मनापासूनचा हशा एकदम उसळतो आणि सावकाश ओसरतो. अवघडलेला हशा दोन-चार खुर्च्यांत फुटतो आणि शेजाऱ्याचा चेहरा बघून विझतो. विषय नाजूक असला की नटाला हा फरक कानानेच ओळखावा लागतो.

देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं. बापाने पैसे मोजून घ्यायचे आणि कोवळी पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायची, हे तेव्हा आसपास सर्रास चाललेलं. त्यावर रडकं नाटक सहज झालं असतं. देवलांनी चिडवणारं पद घातलं आणि नवरदेवाचं वय सांगितलं 'अवघे पाऊणशे'. सगळी गंमत त्या 'अवघे'त. तो शब्द कौतुकाने, साळसूद चेहऱ्याने म्हणायचा. त्यावर जोर दिला किंवा डोळे मिचकावले की उपरोध जातो आणि उरते नुसती टवाळी. शिवाय हशा त्या म्हाताऱ्या नवरदेवाच्या, भुजंगनाथाच्या वाट्याला जायला हवा. तो चुकून शारदेकडे वळला, तर तिचं रडणंही करमणूक होऊन बसतं.

१९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक 'शारदा कायदा' म्हणू लागले, ते हरबिलास सारडा यांच्या नावावरून. अनेक मराठी माणसांना मात्र तो नाटकावरूनच आला असं वाटतं. वाटेना का! घोडनवऱ्याला हसायला ती तीस वर्षं आधीच शिकली होती.

गडकऱ्यांचा 'एकच प्याला' (१९१९) अधिक जोखमीचा. तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ दारूची बाजू इतकी चटपटीत मांडतात की प्रेक्षक हसता हसता मान डोलावतो. पुढे नायिका सिंधूचा संसार दारूपायी मोडतो तेव्हा तो गप्प होतो, कारण मघाशी मंडळाच्या बैठकीत तोही बसलेला असतो. हे साधायचं तर तळीराम हुशार दिसला पाहिजे. टाळीच्या मोहात नट झोकांड्या वाढवतो, पदरची वाक्यं घालतो, आणि तळीरामाचा विदूषक होतो. मुळात प्यायलेला माणूस सरळ चालायची शिकस्त करत असतो. हसू येतं ते त्या शिकस्तीचं.

बाकी काम वेळेचं. हशा उतरणीला लागला की, पुरता विरायच्या आत, पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलं तर ते हशात बुडतं, उशीर झाला तर रंग सांडतो. विनोदाच्या शब्दावर दुसऱ्या कुणी नुसता पदर सावरला तरी प्रेक्षकांची नजर तिकडे जाते.

आणि सिंधूच्या प्रवेशात मागल्या रांगेतून कुणी हसलंच, तर मुळीच थांबायचं नाही. थांबलं की त्या हशाला जागा मिळते, आणि पुढच्या वाक्याला तो आणखी दोघांना घेऊन येतो.