स्क्रू गन १/१०: जोड अखेर बसला, पण आता खेचरं दोन लागणार

काल रात्री पावणेबाराला माझ्या एक-दशांश मापाच्या तोफेच्या मॉडेलमध्ये सहा मिलिमीटरची पॉलिश केलेली सळई तोंडाकडून आत सोडली आणि ती सरळ ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या मागच्या भागाच्या, तळाला जाऊन टेकली. मध्ये अडली नाही, घासली नाही. मी पाच-सहा वेळा काढली, घातली. त्या 'टक' आवाजासाठी चार महिने घालवलेत, तेव्हा एकदा ऐकून पोट भरणार नव्हतंच.

मागचे भाग वाचलेल्यांना अडचण ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात: २.५ इंची आरएमएल (तोंडाकडून भरायची, आत खाचा असलेली तोफ), म्हणजे डोंगरी खेचर-बॅटऱ्यांची, खेचरांवरून तोफा नेणाऱ्या तुकड्यांची, स्क्रू गन. खेचराच्या पाठीवर एका नळीचं वजन साधारण २०० पौंड, म्हणजे ९० किलोच्या आसपासच परवडतं. आधीची ७ पौंडी तोफ त्या मर्यादेत बसवली होती म्हणून आखूड नळीची आणि कमजोर. कर्नल ले मेझुरिए यांनी १८७० च्या दशकात नळीच दोन तुकड्यांत केली. तोंडाकडचा भाग एका खेचरावर, ब्रीच दुसऱ्यावर, आणि जागेवर पोचल्यावर जोडायची. नळी ४०० पौंडांची झाली आणि पल्ला ४,००० यार्डांपर्यंत गेला. मला हा जोड खरोखर उघडणारा-मिटणारा हवा होता. नुसती रेघ कोरून 'इथे जोड आहे' म्हणणं मनाला पटत नाही.

तर झालं असं. पुढच्या भागाला बाहेरून आटे आणि ब्रीचला आतून आटे असं सरळसोट डिझाइन मी जूनमध्ये केलं. नाशिकच्या अंबडमधले आमचे लेथवाले काका (त्यांच्या हाताला तोड नाही, पितळेवर त्यांच्याइतके स्वच्छ आटे मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत) म्हणाले, 'होईल.' झालंही. पण घट्ट आवळल्यावर पुढचा भाग दर वेळी वेगळ्याच जागी थांबायचा. मी आत रायफलिंगच्या (गोळा फिरवणाऱ्या पिळाच्या) खाचा कोरल्यात, त्या ब्रीचमधल्या खाचांशी जुळायच्याच नाहीत. वरची नेमरेषासुद्धा डावीकडे कलायची. नळीचा खांदा, म्हणजे दोन भाग जिथे टेकतात ती कड, किंचित घासला की आणखी पाव फेरा पुढे. पुन्हा घासला की जास्तच पुढे. तिसऱ्या प्रयत्नात आटे इतके झिजले की नळी हातात डुलायला लागली. शिवाय ज्यांच्याकडून मी पितळी सळई मागवली, त्यांनी पंधरा मिमी सांगून साडेचौदाची पाठवली, आणि ते मला कापल्यानंतर कळलं. तेव्हापासून कुठलाही माल आला की आधी व्हर्नियर. माझा मिटुटोयो अकरा वर्षं जुना आहे, अजून शून्यावर येऊन थांबतो. हत्यारांत पैसे घालायचे तर पहिले इथे घाला.

तीन जोड्या भंगारात गेल्या आणि मी मॉडेल कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

तोडगा निघाला तो घरच्या नळामुळे. टाकीखालचा पाइप गळत होता म्हणून प्लंबर आला. त्याने युनियन (दोन पाइप जोडणारा सांधा) सोडवला तेव्हा मी शेजारी टॉर्च धरून उभा होतो. दोन्ही पाइप जागच्या जागी, फिरतो फक्त मधला नट! स्क्रू गनमध्ये नेमकं हेच आहे. 'जंक्शन नट' हा शब्द मी स्वतः इथे दहा वेळा लिहिलाय, पण त्याचा अर्थ डोक्यात उतरला नव्हता. नळीचे तुकडे एकमेकांत फिरवायचेच नसतात. ते एकमेकांत सरळ सरकवायचे आणि वरून नट आवळायचा.

मग पुढच्या भागाला कॉलर, त्यामागे सैल फिरणारा नट, ब्रीचला बाहेरून १४ × १ चे (१४ मिमी व्यास, १ मिमी अंतराचे) आटे. पहिल्याच दिवशी बसलं, पण नट आवळताना घर्षणाने पुढचा भाग दोन-तीन अंश सोबत फिरायचाच. म्हणून एक बारीक चावी आणि खाच. शिलाई मशीनच्या मोडक्या सुईचा चार मिमीचा तुकडा कॉलरच्या पुढे बसवला, ब्रीचच्या तोंडात त्याच मापाची खाच घासली. आता नळी एकाच स्थितीत आत जाते, दुसऱ्या कुठल्याच नाही. अंधारात, घाईत, शत्रूचा गोळीबार चालू असताना तोफ जोडणाऱ्या गनरला हेच तर हवं होतं. हे मला हाताने केल्यावर उमगलं.

दुसरी छोटी गोष्ट: खोगिराचे पट्टे. जुन्या कोल्हापुरीचं चामडं तासून अर्ध्या मिमीवर आणलं, तांब्याच्या तारेचे बकल केले, आणि पट्टा खरंच आवळला जातो. खेचराचं अंग एम-सीलचं, पाण्याचा हात लावत घडवलेलं. कान दोनदा केले. घोड्याचे वाटायचे.

आता बेत बदलतोय, आणि तो हे लिहितानाच बदलला. जोडलेली तोफ आणि शेजारी एक खेचर असं ठरलं होतं. पण जोड उघडतो तर तो मिटलेला का दाखवायचा? दोन खेचरं, दोन खोगिरं, ब्रीच उतरून जमिनीवर, पुढचा भाग चार हातांत, नट अजून सैल. म्हणजे २८ सप्टेंबर, भारतीय तोफखान्याचा गनर्स डे, हुकणार. हुकू दे. १८२७ मध्ये त्या तारखेला मुंबईच्या गोलंदाज बटालियनमध्ये उभी राहिलेली कंपनी पुढे ५ बॉम्बे माउंटन बॅटरी झाली. १८५७ नंतर हिंदी माणसाच्या हातात तोफ राहिली ती जवळजवळ अशा खेचर-बॅटऱ्यांमध्येच. बंगळूरला तोफखान्याची पहिली हिंदी फील्ड ब्रिगेड उभी राहायला १५ जानेवारी १९३५ उजाडावं लागलं. मधली इतकी वर्षं ही परंपरा खेचरांच्या पाठीवरून चालत आली, म्हणून मला खेचर नीट हवंय. मी नाशिकरोडला वाढलो, देवळालीच्या तोफा डागायच्या रेंजचा आवाज ऐकत. 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल' हे तोफखान्याच्या ब्रीदवाक्याचे शब्द वाचायला शिकलो तेव्हापासून पाठ आहेत.

पुढचं मॉडेल ३.७ इंची हॉवित्झर, हेही नक्की झालं. डिसेंबर १९४४, बर्मातलं कलादान खोरं, हवालदार उमराव सिंग. तोफखान्याला पलटणीसारखं वेगळं निशाण (झेंडा) नसतं, तोफ हेच निशाण. दारूगोळा संपल्यावर त्यांनी हातातल्या गन-बेअररने, म्हणजे पहारीसारख्या जड लोखंडी दांड्याने, तोफ राखली. सहा तासांनी तोफेशेजारी ते जिवंत सापडले, अंगावर सात गंभीर जखमा, आसपास दहा शत्रूसैनिकांचे मृतदेह. त्याच दिवशी ती तोफ पुन्हा डागली गेली. त्या मॉडेलमध्ये माणूस नसेल. फक्त तोफ, आणि चाकाला टेकवलेला तो गन-बेअरर. त्याची नीट मापं कुणाकडे असतील तर कळवा.

रविवारी काकांकडे जातोय, नटाच्या बाहेरच्या खाचा पाडायला. सळई या वेळी मी स्वतः मोजून नेणार.