कानात बोलणारा थेरपिस्ट : अमेरिकेतलं पीसीआयटी प्रशिक्षण आणि मराठी घर

खोलीत चार वर्षांचं मूल ठोकळे रचतंय आणि आई शेजारी सतरंजीवर बसली आहे. भिंतीतला आरसा एकतर्फी. त्याच्या पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत थेरपिस्ट माइक घेऊन बसतो आणि आईच्या कानातल्या रिसीव्हरमध्ये बोलतो. मुलाशी तो जवळजवळ बोलतच नाही. चावणाऱ्या, वस्तू फेकणाऱ्या, कशालाही 'नाही' म्हणणाऱ्या २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेत ही पद्धत चांगलीच रुळली आहे. तिचं नाव पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, म्हणजे पीसीआयटी. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात ऑरेगनमध्ये ती उभी केली. दोन टप्प्यांचा मूळ साचा तिथल्याच कॉन्स्टन्स हॅन्फ यांचा.

मानसशास्त्रात एम.ए. करून इकडे आलेल्या अनेकांना, विशेषतः एच-४ व्हिसावर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्यांना, हे प्रशिक्षण खुणावतं. पण आधी दार कुठे अडतं ते पाहू. प्रमाणित पीसीआयटी थेरपिस्ट होण्यासाठी मानसिक आरोग्य क्षेत्रातली किमान मास्टर्स पदवी आणि राज्याचा परवाना लागतो, किंवा परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. पुढे गेलेले डॉक्टरेटचे विद्यार्थीही चालतात. भारतातली आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी इथे परवाना म्हणून चालत नाही. एच-४ वर शिकता येतं, पण काम करायला ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, हवं. ते नसेल तर खरी कुटुंबं घेता येत नाहीत, आणि कुटुंबांशिवाय हे प्रशिक्षण पूर्ण होत नाही. भारतात बसून विषयाची तोंडओळख करून घ्यायची असेल तर कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस विद्यापीठाचा सुमारे १० तासांचा ऑनलाइन कोर्स सुरुवातीला चांगला. त्यातून प्रमाणपत्राचा दर्जा मात्र मिळत नाही.

पायाभूत प्रशिक्षण ४० तासांचं. त्यातलं थोडं ऑनलाइन होतं, बाकी ट्रेनरसमोर. व्याख्यानं कमीच. बहुतेक वेळ जातो मोजण्यात. पालकाच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक वाक्याला 'डीपिक्स' नावाच्या पद्धतीत एक कोड असतो : मूल करतंय त्याचं वर्णन, प्रतिध्वनी, कारण सांगून केलेलं कौतुक, मोघम कौतुक, प्रश्न, थेट आज्ञा, आडवळणाची आज्ञा, नकारात्मक बोलणं, आणि उरलेलं सगळं साधं बोलणं. शिकाऊ थेरपिस्टचे कोड ट्रेनरच्या कोडशी ८० टक्के जुळावे लागतात. त्यामुळे रेकॉर्डिंग लावून, कागदावर रेघा मारत बसणं आलं. पहिल्या दिवशी बहुतेकांची गाडी प्रतिध्वनीवर अडते. मूल म्हणालं, "गाडी पडली." पालक म्हणाला, "गाडी पडली." हा प्रतिध्वनी. तेच शब्द आवाज शेवटी चढवून म्हटले, "गाडी पडली?", की झाला प्रश्न. शब्द बदलले नाहीत, पण कोड बदलला.

पहिल्या टप्प्यात खेळाची सूत्रं मुलाच्या हातात असतात. ५ मिनिटांत पालकाने १० वर्णनं, १० प्रतिध्वनी आणि १० नेमकी कौतुकं करायची. प्रश्न, आज्ञा आणि टीका मिळून ३ पेक्षा जास्त नकोत. हे आकडे गाठेपर्यंत दुसरा टप्पा नाही, मग आठवडे कितीही जावोत. आणि हीच परीक्षा शिकाऊ थेरपिस्टलाही द्यावी लागते. मुलाची भूमिका करणाऱ्या सहकाऱ्यासमोर बसून तोंडातून एकही "हे काय बनवलंस?" न निघू देणं वाटतं तितकं सोपं नाही.

मराठी घरात तर ते जास्तच अवघड, कारण आपला मुलांशी खेळ म्हणजे बरीचशी तोंडी परीक्षा असते : हा कुठला रंग, गाय कशी ओरडते, काकांना पोएम म्हणून दाखवतोस ना? त्यात वाक्याच्या शेपटीचा 'ना' घात करतो. "किती छान रचलंस ना?" हे मनाने कौतुक आहे, पण कोड प्रश्नाचा पडतो. "शाब्बास" आणि "गुणाचं बाळ ते" ही मोघम कौतुकं. त्यांनी बिघडत काही नाही, पण दहाच्या हिशेबात ती धरली जात नाहीत. "ठोकळे हळूच खाली ठेवलेस, मला आवडलं" हे धरलं जातं, कारण काय आवडलं ते मुलाला कळतं. "आवरूया का?", "चला चला, हात धुऊया" या आडवळणाच्या आज्ञा. "असं नाही, असं" आणि "पडेल हं, सांगून ठेवते" हे नकारात्मक बोलण्याच्या रकान्यात जातं, आणि पालकाला ते खरंच पटत नाही. काळजीच तर केली, असं त्यांचं म्हणणं. वाद घालू नये. त्यांना रेकॉर्डिंग ऐकवावं आणि रेघा त्यांच्याच हातून मारून घ्याव्यात.

तोंडावर स्तुती केली की मूल शेफारतं किंवा दृष्ट लागते, हा समज अमेरिकेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्येही तेवढाच घट्ट असतो. आजी सहा महिन्यांसाठी आलेली असेल तर पालकांच्या शिकवणीच्या सत्राला तिलाही बोलवावं. नाही तर घरच्या रोजच्या ५ मिनिटांच्या खास खेळात ती मायेने मध्ये पडते आणि आठवड्याचा गृहपाठ वाया जातो.

मूल इंग्रजीत बोललं आणि आईने तेच मराठीत म्हटलं तर? अर्थ टिकला असेल तर तो प्रतिध्वनी धरावा, असं आमचं मत आहे. मात्र ट्रेनरला मराठी येत नसेल तर पहिल्याच आठवड्यात ५ मिनिटांचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवून, प्रत्येक वाक्याचा अर्थ शेजारी लिहून कोड ठरवून घ्यावेत. दुभाष्याच्या तोंडून कानात बोलणं शक्यतो टाळावं. तीन सेकंदांचा उशीर झाला तरी ज्या कृतीचं कौतुक करायचं ती संपलेली असते.

कानात बोलण्याची कला या प्रशिक्षणात सगळ्यात उशिरा येते. सत्राच्या सुरुवातीला ५ मिनिटं गप्प राहून कोडिंग करायचं आणि मग माइक सुरू. पालकाच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे चार-पाच शब्द, पुढचं वाक्य सुरू होण्याआधी संपणारे : "छान वर्णन." "आता बरोबर प्रतिध्वनी." "शांत बसलाय, त्याचं कौतुक करा." नवशिके दोन चुका करतात. एकतर मुलाच्या विकासावर व्याख्यान देतात आणि पालक खेळ सोडून ऐकत बसतो. किंवा प्रत्येक वाक्य तयार करून भरवतात. मग माइक बंद झाला की पालकाला शब्द सुचत नाहीत. सुरुवातीला थोडं भरवावं लागतंच, पण तिसऱ्या-चौथ्या सत्रापासून पालकाने स्वतः म्हटलेल्या वाक्याला दाद देण्याकडे वळावं.

खोलीतलं सामान मोजकंच असतं. तीन-चार रचण्याची खेळणी, एक जड, बिनहातांची खुर्ची. बंदुका, राक्षस, नियम असलेले पटावरचे खेळ आणि रंगाच्या बाटल्या नकोत, कारण त्या आल्या की टोकाटोकी आली. रिसीव्हरची बॅटरी सत्राआधी तपासावी. मधेच आवाज गेला तर नेमका आरडाओरड्याच्या वेळी जातो. २०२० नंतर पुष्कळ सत्रं व्हिडिओवर गेली. तिथे आरशाचं काम फोनचा कॅमेरा करतो आणि रिसीव्हरचं ब्लूटूथ इअरफोन.

दुसरा टप्पा आज्ञापालनाचा. इथे शब्दही ठरलेले आहेत. आज्ञा थेट, एका वेळी एकच आणि काय करायचं ते सांगणारी हवी : "खोका टेबलावर ठेव." 'कृपया' मराठीत एसटी स्टँडवरच्या पाटीसारखं वाटतं. त्यापेक्षा मऊ आवाज आणि "ठेव हं" पुरे. कारण सांगायचंच तर आज्ञेच्या आधी सांगावं, नाहीतर मुलाने ऐकल्यावर. मधल्या वेळात सांगितलं की मूल वाद घालत वेळ काढतं. मग ५ सेकंद थांबायचं. ऐकलं तर लगेच नेमकं कौतुक. नाही ऐकलं तर एकच इशारा, पुन्हा ५ सेकंद, आणि मग मुलाला खुर्चीवर एकटं बसवायचं : ३ मिनिटं, अधिक शेवटचे ५ सेकंद शांततेचे. त्यानंतर मूळ आज्ञा पुन्हा पाळायची. या वेळी पालकाने फक्त "ठीक" म्हणायचं. मोठं कौतुक त्याच्या लगेच नंतर दिलेली दुसरी सोपी आज्ञा पाळल्यावर. शिकाऊ मंडळी हा क्रम उलटा करतात. मग खुर्चीवरून उठून केलेल्या कामालाच टाळ्या मिळतात.

या टप्प्याचं गणित असं : ५ मिनिटांत किमान ४ आज्ञा, त्यांतल्या ७५ टक्के योग्य तऱ्हेच्या, आणि ७५ टक्के वेळा पुढची पायरी बरोबर. मारण्याबद्दल पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलावं. अमेरिकेत थेरपिस्टला मुलाच्या छळाचा संशय आला तर कळवणं कायद्याने बंधनकारक असतं, आणि हे पालकाला आधी सांगितलं नाही तर पुढे विश्वास तुटतो. मारहाण झालेल्या घरांतही ही पद्धत वापरली जाते. ओक्लाहोमात ११० पालकांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साधारण ८५० दिवसांच्या मागोव्यात, पीसीआयटी घेतलेल्यांपैकी १९ टक्क्यांविरुद्ध मुलाला मारल्याची पुन्हा तक्रार आली. पालकांसाठीचा नेहमीचा वर्ग केलेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होतं.

४० तास झाले की खरी कसोटी सुरू होते. महिन्यातून दोनदा ट्रेनरशी सल्लामसलत, सत्रांच्या रेकॉर्डिंगची तपासणी, आणि दोन कुटुंबं शेवटपर्यंत पोचवणं. घोडं अडतं ते या दोन कुटुंबांवरच. लोक मधेच सोडून जातात. कामाच्या वेळा बदलतात, मूल थोडं निवळलं की येणं थांबतं, दुसऱ्या टप्प्यातला खुर्चीचा पहिला आठवडा झेपत नाही. म्हणून दोनच कुटुंबं हाताशी ठेवू नयेत. चार-पाच तरी सुरू करावीत.

शेवट कधी, हेही अंदाजाने ठरत नाही. दर आठवड्याला पालक मुलाच्या त्रासदायक वर्तनाबद्दलची ३६ प्रश्नांची ईसीबीआय प्रश्नावली भरतात, प्रत्येक वर्तनाला १ ते ७ गुण. १३१ आणि वर म्हणजे उपचाराची गरज. सत्रं संपवायची तर बेरीज ११४ किंवा खाली यावी लागते, शिवाय दोन्ही टप्प्यांचे आकडे गाठलेले हवेत आणि आता आपलं आपण सांभाळू असं पालकांनी म्हणायला हवं. मराठी पालक अनेकदा पहिल्याच दिवशी कमी गुण देतात. बाहेरच्यासमोर पोराची तक्रार कशी करायची? मग सुरुवातच १००वर होते आणि सुधारणा दिसायला जागाच उरत नाही. पहिली प्रश्नावली त्यांना घरी पाठवून देऊ नये. समोर बसवून, "काल संध्याकाळी जेवताना काय झालं?" असं एकेक विचारत भरून घ्यावी.