रविवार रात्रीची राजेशाही

हॉटेलातली न विकली गेलेली खोली रात्रीतून नासते, दूध नासावं तशी. खाट तीच, गादी तीच, खिडकीतून दिसणारा समुद्रही तोच. पण कालची रिकामी रात्र आज कुणाला विकता येत नाही. विमानाचं दार एकदा बंद झालं की आतल्या रिकाम्या खुर्चीचीही तीच गत. नफा बुडाला तो बुडालाच, आणि झुंबरांचं वीजबिल, माळ्याचा पगार, पोहण्याच्या तलावाची देखभाल यातलं काही टळत नाही. तुमच्याआमच्यासारख्या बेताच्या खिशाच्या माणसांच्या ऐषारामी प्रवासाची सगळी भिस्त या नाशवंतपणावर आहे. श्रीमंती थाटाचा माल कुठे आणि कधी उरतो, तेवढं हेरता यायला हवं.

उरलेला माल खपवायचं शास्त्र आधी विमान कंपन्यांनी बसवलं. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला, पाठोपाठ स्वस्तात उडवणाऱ्या नव्या कंपन्या आल्या आणि जुन्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी १९८५ साली त्यावर तोड काढली. त्याच विमानातल्या काही जागा एकदम स्वस्त विकायच्या, पण अटी घालून: तिकीट बरेच दिवस आधी काढा आणि शनिवारची रात्र तिकडेच मुक्काम करा. साहेबाच्या हुकमावरून परवा निघणाऱ्या आणि शनिवारी घरी परतू पाहणाऱ्या माणसाला या अटी पाळताच येत नाहीत. तो मुकाट्याने पूर्ण भाडं भरतो. आपण अटी पाळतो आणि त्याच्याच शेजारी त्याच्या निम्म्याशिम्म्या भाड्यात बसतो. पुढे मोठमोठ्या हॉटेल कंपन्यांनी हीच विद्या खोल्यांना लावली, आणि आता तर एकाच खोलीचा दर दिवसभरात कितीदा बदलतो ते यंत्रालाच माहीत.

थोडक्यात, ज्याची तारीख पक्की त्याचा खिसा रिकामा. शाळेत जाणारी मुलं असलेल्या आईबापांनी या जागी एक सुस्कारा टाकून पुढे वाचावं. सगळ्या जगाला सुट्टी लागते तेव्हाच त्यांना लागते आणि त्यांच्या बाबतीत कुठलंच शास्त्र चालत नाही. आम्हीही ती वर्षं काढली आहेत.

आता आमची पोरं आपापल्या वाटेला लागली, आणि मी रविवारच्या रात्रीची उपासक झाले. शहरातली बडी हॉटेलं बहुतेक कामासाठी फिरणाऱ्यांवर चालतात. सोमवार ते गुरुवार ती गजबजलेली असतात. शुक्रवारपासून ओहोटी लागते. शनिवारी लग्नाबिग्नाची थोडी गर्दी असते, पण रविवारी दुपारी तीही मंडळी बॅगा आवळून जातात. सोमवारची माणसं अजून आपापल्या घरी शर्टांना इस्त्री करत असतात. मधली ती एक रात्र कुणाचीच नसते, आणि तिचा दर उघडून बघाल तर डोळ्यांवर विश्वास बसणार नाही. डोंगरातल्या, समुद्रकाठच्या हॉटेलांचं गणित बरोब्बर उलटं. तिथे शनिवारी पाय ठेवायला जागा नसते आणि मंगळवारी माळी, मांजर आणि तुम्ही. म्हणून रविवार शहरात, सोमवार-मंगळवार समुद्रावर, अशी माझी आखणी ठरलेली. ऋतूंचंही तसंच. हंगामाच्या ऐन भरात जायचं नाही आणि अगदी ओसाड दिवसांतही नाही. हंगाम संपता संपता जे दोनतीन आठवडे असतात, हवा अजून चांगली आणि भाव मात्र उतरलेले, ते आपले.

रविवारी संध्याकाळी अशा हॉटेलात शिरण्याचं सुख सांगण्यासारखं आहे. एरवी स्वागतकक्षापाशी रांग असते. रविवारी काउंटरमागे कडक इस्त्रीतली तीन माणसं असतात आणि समोर आपण दोघंच. माझा एक ठरलेला प्रश्न असतो, आणि तो हसून, हळू आवाजात विचारायचा असतो: "वरच्या मजल्यावरची एखादी मोकळी असेल तर बघता का?" हक्काने मागितलं तर नियम सांगतात. सहज विचारलं तर समोरची मुलगी खटाखट बटणं दाबते, पडद्यावर बघते आणि बऱ्याचदा काहीतरी निघतं, कारण वरच्या दर्जाच्या खोल्याही त्या रात्री तशाच नासायला पडलेल्या असतात. हे सगळं चालू असताना आमचे हे पलीकडच्या खांबाजवळ उभे राहून फुलांच्या भल्यामोठ्या सजावटीचं निरीक्षण करतात. फुलांची त्यांना आवड नाही. ते माझ्यासोबत आलेले नाहीत असं दिसावं एवढाच हेतू. किल्लीचं कार्ड हातात पडलं की मात्र लिफ्टमध्ये पहिले तेच.

आणि मग ती खोली. चादर गादीखाली इतकी घट्ट खोचलेली की आत शिरायला पायाने झुंजावं लागतं. माणसं दोन, उशा सहा. बाथरूममधल्या कागदाच्या गुंडाळीच्या टोकाला नीट दुमडून केलेला त्रिकोण. हा त्रिकोण मी फार वेळ बघत राहते. त्याचा उपयोग शून्य. पण आपल्या आधी कुणीतरी इथे वाकून, दोन बोटांनी तो घातलाय. खोली तयार आहे आणि तुमच्यासाठी तयार आहे, एवढाच त्याचा निरोप. दाराच्या मागे जाडजूड पांढरे झगे टांगलेले असतात. ह्यांनी तो अंगात घातला की संध्याकाळभर उतरवत नाहीत. खिडकीशी खुर्ची ओढून खालच्या रस्त्यावरच्या वाहनांच्या रांगेकडे मोठ्या दयाबुद्धीने बघत बसतात.

बड्या हॉटेलात जास्तीचं नेमकं काय मिळतं, यावर मी बराच विचार केला आहे. वस्तू म्हणाल तर फारशा नाहीत. सेझार रिट्झची गोष्ट बघा. स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरात तेरावं अपत्य म्हणून जन्मलेला हा माणूस. वेटरची कामं करत करत वर चढला. लंडनचं सॅव्हॉय हॉटेल १८८९ साली उघडलं तेव्हा विजेचे दिवे आणि लिफ्ट यांचं केवढं अप्रूप होतं. रिट्झ लवकरच त्याचा व्यवस्थापक झाला. मग १८९८ साली पॅरिसमध्ये त्याने स्वतःच्या नावाचं हॉटेल काढलं आणि खोलीलाच जोडून स्नानगृह दिलं. राजेरजवाडे त्यावर खूश झाले. आज हमरस्त्यावरचा साधा लॉजवालाही पाटीवर तेच लिहितो. दिवा, लिफ्ट, गरम पाण्याचा नळ, खोलीतला फोन: राजांना विकलेला एकेक माल खाली उतरत उतरत आपल्यापर्यंत आला. टीव्ही तर सगळीकडे सारखाच, आणि त्यावर लागतं तेही सारखंच.

जास्तीची असतात ती माणसं. साध्या हॉटेलात चाळीस पाहुण्यांमागे एक पोऱ्या धावत असतो. बड्या हॉटेलात दार उघडायला एक, बॅग उचलायला एक, लिफ्टचं बटण दाबायलाही कुणीतरी. आपण विकत घेतो ते त्यांचं लक्ष. आता यातली गंमत अशी, की हॉटेल भरलेलं असतं तेव्हा हेच लक्ष शेकडो पाहुण्यांत वाटलं जातं. पूर्ण भाडं भरलेल्या बुधवारच्या पाहुण्याला सकाळच्या न्याहारीला ऑम्लेटच्या रांगेत ताटली धरून उभं राहावं लागतं. सोमवारी सकाळी लवकर खाली उतरा. आचारी आपणहून विचारतो, कांदा घालू का, मिरची चालेल का, एका बाजूने जास्त भाजू का. कॉफी अर्धी झाली नाही तोच कुणीतरी कपाकडे बघून जातं. खिडकीजवळचं टेबल तुमचंच. तेव्हा स्वस्तातली रात्र ही दुय्यम रात्र असते हा गैरसमज आहे. थाट म्हणून जे काही असतं ते त्या रात्री माणशी जास्तच वाट्याला येतं. अर्थात ओसाड हंगामात हे उलटतं. तेव्हा निम्मे नोकर रजेवर धाडलेले असतात, तलाव दुरुस्तीला काढलेला असतो आणि पलीकडच्या मजल्यावर ड्रिल चालू असतं. म्हणून मी हंगामाच्या शेपटीला धरून असते.

मुक्काम करायलाच हवा असंही नाही. थाट फोडी करूनही मिळतो. नावाजलेल्या रेस्तराँमध्ये रात्री जायची आपली ऐपत नसते, पण त्यांतली पुष्कळशी दुपारी ठरावीक पदार्थांचं जेवण बऱ्याच कमी दरात देतात. भटारखाना तोच, टेबलावरचं पांढरं कापड तेच, वाढणाऱ्याचा एक हात पाठीमागे तसाच. दुपारी टेबलं रिकामी राहतात, म्हणून. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेराघरात उभं राहून ऐकणाऱ्यांसाठी चारशेहून अधिक जागा आहेत. तिकीट खुर्चीच्या मानाने बरंच स्वस्त. रांग लावायची, आत शिरायचं, आणि आपली जागा राखायला समोरच्या कठड्याला रुमाल किंवा मफलर बांधून ठेवायचा, ही तिथली जुनी रीत. वाद्यवृंद काही खुर्चीवाल्यांसाठी वेगळा वाजवत नाही. न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याजवळून जाणाऱ्या खास नौकाविहाराचे भाव बघून गार झालेल्यांनी स्टेटन आयलंडची फेरीबोट धरावी. १९९७ पासून ती फुकट आहे, पुतळा तिच्यावरूनही दिसतो, आणि जोडीला कामावरून घरी परतणारी खरीखुरी न्यूयॉर्ककर मंडळी दिसतात. ती पुतळ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे बघायलाही मजा येते.

काटकसर कुठे करायची नाही, हेही शिकावं लागतं. झोपेवर करायची नाही. पहाटे तीनचं विमान स्वस्त असतं आणि मोहही होतो, पण मग दिवसभर डोळे चुरचुरतात आणि ज्या खोलीसाठी एवढी तारखांची कसरत केली त्या खोलीत आपण भर दुपारी घोरत पडतो. सहा उशा वाया. दुसरं, शहराबाहेर कोसभर लांब असलेलं झगमगीत हॉटेल. दर बघून जीव हरखतो आणि टॅक्सीवाले तो फरक वसूल करून घेतात. आणि बिलात शेवटी चिकटवलेले नाना आकार! सुविधाशुल्क, सेवाशुल्क, आणखी कसलं तरी शुल्क. आरक्षण करतानाच एकूण रक्कम विचारून घ्यावी. श्रीमंत माणूस विचारत नाही, पण आपल्याला ती चैन नाही.

पॉइंट गोळा करणाऱ्यांचा एक वेगळाच पंथ आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली आपली मैलांची योजना काढली, म्हणजे जितकं उडाल तितके मैल खात्यात जमा आणि त्यांच्या बदल्यात पुढचं तिकीट, आणि तेव्हापासून जगात विमानाने फिरण्यासाठी मैल जमवणारे आणि मैल जमवण्यासाठी विमानाने फिरणारे, अशा दोन जाती झाल्या. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्याने तर हद्द केली. पुडिंगच्या डब्यांवरच्या लेबलांवर विमानाचे मैल मिळत होते, आणि डबा मैलांपेक्षा स्वस्त होता. त्याने दुकानं पालथी घालून बारा हजारांहून अधिक डबे उचलले. लेबलं सोलायला हात पुरेनात, तेव्हा एका धर्मादाय संस्थेला पुडिंग दान केलं आणि तिथल्या स्वयंसेवकांकडून लेबलं सोलून घेतली. पदरात पडले बारा लाखांहून जास्त मैल. माझी त्याच्यावर भक्ती आहे, पण त्याचा कित्ता गिरवायचं त्राण नाही. एवढा हिशोब ठेवायचा तर प्रवास कशाला, नोकरीच करावी की.

मला त्यापेक्षा घड्याळाची छोटी चोरी आवडते. हॉटेलातली 'एक रात्र' म्हणजे दुपारी दोनतीनला खोली ताब्यात आणि दुसऱ्या दिवशी अकराबाराला बाहेर. जेमतेम वीसबावीस तास. पण खोली दुपारी मिळते म्हणून माणसाने दुपारीच पोचावं असं कुणी सांगितलंय? आम्ही सकाळीच जाऊन थडकतो. बॅगा खाली ठेवून घेतात, पावती देतात, आणि मग तलाव, वाचनाची खोली, बागेतल्या खुर्च्या सगळं खुलं. बहुतेक ठिकाणी कुणी हटकत नाही. पाहुणे तर आपण आहोतच. दुसऱ्या दिवशी खोली सोडल्यावरही तसंच. बॅगा पुन्हा खाली. एका रात्रीच्या पैशांत दोन दिवस जवळजवळ पुरे निघतात.

मागच्या खेपेला सोमवारी दुपारी आम्ही असेच तलावातून निथळत वर आलो तेव्हा काचेपलीकडे स्वागतकक्षात आठवड्याची पहिली फौज येऊन थडकली होती. चाकांच्या काळ्या बॅगा, गळ्यात ओळखपत्रं, कानाला फोन. रांग पार दारापर्यंत गेलेली. काउंटरवरची कालची ती हसरी मुलगी आता मान वर करत नव्हती.

"अहो, चला आता," मी म्हटलं. "निघायची वेळ झाली."

"खोली कधीच सोडलीये ना आपण?"

"हो."

"मग कसली वेळ झाली?" असं म्हणून ते कोरडा टॉवेल आणायला गेले, आणि तिथल्या पोऱ्याकडून दोन लिंबूपाणीही सांगून आले. त्याचे वेगळे पैसे पडतात, हे त्यांनी विचारलं नव्हतं.