आवाज 'माझी' की 'माझा'

दर वर्षी कुणाच्या तरी लग्नात पुण्याकडचे नातेवाईक भेटतात आणि पंगतीत एकजण तरी मला विचारतोच, "तुमचा जन्म इंदूरचा, शाळा हिंदी, घराबाहेर दिवसभर हिंदीच. मराठी लिहिताना अजून चुका होतात म्हणता, मग हिंदीतच का लिहीत नाही?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाकडे नसते. मी आजवर हसून विषय बदलत आले. या वेळी नीट उत्तर देते.

आधी चुका कोणत्या, ते सांगते. हिंदीला दोन लिंगे, मराठीला तीन. आवाज हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. पुस्तक तिकडे स्त्रीलिंगी, इकडे नपुंसकलिंगी. व्यक्ती मात्र तिकडे पुल्लिंगी आणि आपल्याकडे स्त्रीलिंगी. "माझी आवाज बसली आहे" असे मी चाळिशीपर्यंत बिनदिक्कत म्हणत होते आणि घरात सगळेच तसे बोलत असल्यामुळे कुणाला खटकतही नव्हते. लिहिताना तर आणखी पंचाईत होते, कारण शाळेत 'कवि', 'गुरु' हे शब्द ऱ्हस्व गिरवलेले. मराठीत ते शेवटी दीर्घ होतात, आणि 'कविसंमेलन' किंवा 'गुरुकृपा' लिहायची वेळ आली की पुन्हा ऱ्हस्व. एकदा आमच्या मंडळाच्या सूचनाफलकावर मी 'मुलींच्या शिक्षेसाठी निधी' असे ठळक अक्षरांत लिहिले. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, हे बाहेरून आलेल्या पाहुण्यांना समजावून सांगेपर्यंत फलकाभोवती चांगलीच गर्दी जमली होती.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदूरला १९१७ साली झाले, १९३५ साली झाले आणि २००१ सालीही झाले. या तिसऱ्या संमेलनाला मी गेले होते. एका लेखिकेची कथा मला फार आवडली होती, त्या मंडपाबाहेर एकट्याच उभ्या दिसल्या, आणि मी चार पावलांवर उभी राहून मनातल्या मनात वाक्य जुळवू लागले. 'तुमची कथा' बरोबर, 'तिचा शेवट' बरोबर, पण पुढचे क्रियापद काही केल्या बसेना. तेवढ्यात त्यांना कुणीतरी बोलावून नेले. चूक होईल म्हणून गप्प राहण्यात जे गेले, ते चूक होऊन गेले नसते, एवढे त्या संध्याकाळी घरी परतताना कळले. दुसऱ्या दिवशी मी एक शंभर पानी वही आणली आणि तिच्यात स्वतःच्या चुका तारखेनिशी लिहू लागले.

आता ती चौथी वही आहे. कुणाला वाटेल की पहिलीत चुका जास्त आणि चौथीत कमी असतील. तसे झालेले नाही. पहिल्या वहीतल्या चुका बऱ्याचशा गेल्या, पण त्या जाताना भलतीच पिल्ले सोडून गेल्या. हिंदी आणि मराठीत लिंग वेगळे असते हे एकदा डोक्यात बसल्यावर मी सरळ शब्दांवरही संशय घेऊ लागले, आणि दोन्ही भाषांत निमूटपणे स्त्रीलिंगी असलेली 'मदत' मी एका आभारपत्रात 'आपला मदत' करून टाकली. अज्ञानातून झालेली चूक आणि अतिसावधपणातून झालेली चूक यांत मला दुसरी अधिक हास्यास्पद वाटते, पण तिची नोंद करताना थोडा अभिमानही वाटतो, हे कबूल करते.

शुद्ध म्हणजे काय, याविषयी माझी भीती आजोबांच्या पत्रांनी घालवली. ते होळकर संस्थानात कारकून होते आणि त्यांचे अक्षर व लेखन घरात आदर्श मानले जाई. त्यांच्या पत्रांत 'नांव', 'कांहीं', 'घरीं' असे अनुस्वारच अनुस्वार आहेत. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले ते अनुस्वार गेले. ज्या पत्रांत त्या काळच्या कुठल्याही पंतोजीला खोड काढता आली नसती, त्यांवर आजची शिक्षिका ओळीओळीला लाल खूण करील. आजोबांनी मात्र शेवटपर्यंत 'नांव'च लिहिले.

आता हिंदीत का नाही, याविषयी. हिंदीत मी नोकरीभर लिहिले, आजही अर्ज, तक्रारी तिच्यातच लिहिते आणि तिथे फारशा चुका होत नाहीत. पण दूध तापत ठेवून मी पुस्तकात डोके घातले की आई म्हणायची, "बघ, उतलं ते." आणि परीक्षेत पहिली आले म्हणून नाक वर करून फिरू लागले, तेव्हाही तिने तेच क्रियापद वापरले, "फार उतू नकोस." हिंदीत दूध उफनते आणि माणूस इतरातो, ती दोन क्रियापदे एकमेकांच्या ओळखीची नाहीत. आईचे ते वाक्य हिंदीत निर्दोष लिहिता येईल, पण पातेल्यातले दूध आणि माझे नाक त्यात एकत्र येणार नाहीत. आईविषयी लिहायचे तर मला हीच भाषा हवी, मग तिच्यात दह्याचे लिंग चुकले तरी चालेल.

गेल्या आठवड्यात नातू शाळेतून आला आणि दप्तर उपसत ओरडला, "आजी, माझी पुस्तक कुठे ठेवलीस?"

मी म्हटले, "माझं."

तो क्षणभर थांबला, विचार केला आणि म्हणाला, "माझं पुस्तक कुठे ठेवलीस?"

मी फडताळातून पुस्तक काढून त्याच्या हातात दिले.