मिसरातले कांदे

आमच्या चर्चमध्ये व्यासपीठाच्या बाजूच्या भिंतीवर पांढरा पडदा लागला, तेव्हापासून उपासना सुटल्यावर चहाबरोबर एकच विषय असतो. गीतांची पुस्तकं कपाटात गेली. आता गीत सुरू झालं की शब्द पडद्यावर येतात, चष्मा विसरला तरी वाचता येतील एवढे मोठे. सोय उत्तम आहे, यात वाद नाही. तरी सुरुवातीला निम्म्या बायका पर्समधून आपापलं ‘उपासना संगीत’ काढूनच गायच्या. पडद्यावर तिसरं कडवं आलं की आम्ही मुद्दाम दुसऱ्यावर रेंगाळायचो. लॅपटॉपवर बसलेल्या पोराने एकदा मागे वळून असं काही पाहिलं, की आमच्या रांगेत हसू आवरेना.

माझ्याकडचं पुस्तक आईचं. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, कडेला हळदीची बोटं, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘बापूच्या लग्नात’, ‘मामांच्या मयताला’. ‘पापी’ शब्दाखाली दोनदा रेघ आहे, ती कुणाला उद्देशून आहे हे आईने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पडद्यावर असल्या रेघा कुठून येणार?

कुरकुरीला मात्र आपल्या शास्त्रात मोठी परंपरा आहे. बायबलातल्या गणना नावाच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय काढून पाहा. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून सुटलेली इस्राएली माणसं. डोक्यावरचा मुकादम गेला, विटा पाडणं गेलं, आणि रानात बसून ही मंडळी रडतात कशासाठी, तर मिसरातल्या माशांसाठी, काकड्या-खरबुजांसाठी, कांद्यांसाठी नि लसणासाठी. फुकट मिळत होतं म्हणे! पाठीवरचे वळ विसरले आणि फोडणी तेवढी आठवली. आमच्या नगरकडच्या माणसाला कांद्यासाठी रडणं समजू शकतं, पण तरीही.

त्यांच्यासाठी रोज सकाळी मान्ना पडायचा, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, धण्यासारखं बारीक. तो वेचून लोक जात्यावर दळायचे, उखळात कुटायचे, भांड्यात शिजवायचे, त्याच्या पोळ्या करायचे. ही ओळ मला फार आवडते. मुक्काम तंबूत, आजूबाजूला वाळू, पण जातं आणि उखळ बरोबर आहे! एकाच पदार्थाचे चार प्रकार करून पाहणारी ती कुणीतरी बाई मला अगदी ओळखीची वाटते. तोंडाने ‘रोज रोज तेच’ म्हणत असेल, पण हात चालूच.

त्यांचा पुढारी मोशेही वैतागला. या लोकांना मी जन्म दिला काय, असं त्याने सरळ देवालाच विचारलं. देवाने त्याच्या मदतीला सत्तर वडील, म्हणजे लोकांतले जाणते कारभारी, दिले. (आमच्या पाळकसाहेबांना हा उपाय सुचवू नये. आहेत तेवढ्याच वडिलांनी ते टेकीला आलेत.) देव या कुरकुरीवर रागावला, चांगलाच रागावला, तसं लिहिलंच आहे. पण त्यांना वाट दाखवणारा मेघस्तंभ काही मिसराकडे वळला नाही. मला यातून एवढंच कळतं, की बदल आवडलाच पाहिजे असं विश्वास म्हणत नाही. चालत राहा म्हणतो. या लोकांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याने हारान गाव सोडलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. जायचं कुठे, तर देव दाखवील त्या देशात. पत्ता नाही, काही नाही. त्याच्या बायकोला, सारेला, बांधाबांध करताना काय वाटलं, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि आम्ही ज्या पुस्तकासाठी अडून बसलो आहोत, ते तरी काय सनातन आहे? अमेरिकन मिशनचं नगरचं ठाणं १८३१ सालचं. सुरुवातीची गाणी बरीचशी भाषांतर केलेली, चाली साता समुद्रापलीकडच्या. पुढे नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणाऱ्या या माणसाने ख्रिस्ती भक्ती अभंगांत, भजनांत आणली. तेव्हाही मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलंच असणार, की आता देवळात टाळ कुटणार का? तीच भजनं आज आमची ‘जुनी, खरी गाणी’ आहेत. टिळक तिथेही थांबले नाहीत. १९१७ मध्ये, लोक पेन्शनचा हिशेब मांडतात त्या वयात, मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडायला निघाले.

माझा ओढा मात्र लक्ष्मीबाईंकडे. नवरा झपाटल्यासारखा पुढे जाणारा, आणि या त्याच्या मागून, पण स्वतःच्या चालीने. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही काळ वेगळ्या राहिल्या, मग संसारात परतल्या त्याही सोवळं-ओवळं बरोबर घेऊनच. घर एक, पण पाणी वेगळं. कुणी प्रवचन दिलं म्हणून ते सुटलं नाही. त्या स्वतःशी भांडल्या, विचार केला, आणि जात देवाने केलेली नाही हे पटलं तेव्हाच शिवाशिव टाकली. स्वतःचा बाप्तिस्माही त्यांनी नवऱ्यानंतर पाचेक वर्षांनी घेतला. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त इतक्या मिश्कीलपणे सांगितलंय, की आपल्याच फजितीवर हसणारी अशी बाई पुढच्या बाकावर असती तर पडद्याचा प्रश्न एका रविवारात मिटला असता. किंवा दुप्पट पेटला असता, सांगता येत नाही.

परवा लॅपटॉपवाल्या पोराने माझ्याकडे आईचं पुस्तक मागितलं. एका गीताचं चौथं कडवं त्याला कुठे सापडत नव्हतं. दिलं. पण त्याच्या शेजारी उभी राहून दिलं, आणि रेघांवर बोट ठेवू दिलं नाही.

मान्नाचंही पुढे एक झालं. यार्देन नदी ओलांडून लोक देवाने कबूल केलेल्या कनान देशात पोहोचले, तिथली बेखमीर भाकर आणि भाजलेले दाणे त्यांनी खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला. यहोशवाच्या पुस्तकात हे उरकल्यासारखं सांगितलंय. पण चाळीस वर्षं तोच खाऊन वाढलेली आख्खी पिढी तिथे होती. त्यांतली एखादी म्हातारी सकाळी रिकामी टोपली घेऊन बाहेर आली असणार, आणि सुनेला म्हणाली असणार, “हे तुमचं नवीन धान्य ठीक आहे गं, पण मान्नाची चव याला नाही.”