अँटिगनीचा भाऊ किती जड होता?

अथेन्समधले चार दिवस एका वाक्यात संपवतो: ॲक्रोपोलिसवर ऊन होते, रांग होती आणि माझ्या डोळ्यांसमोर सतत कोणाचा तरी उंच धरलेला मोबाइल होता. पाचव्या दिवशी मी थीब्जची बस धरली, तेव्हा हॉटेलातल्या मुलाने विचारले, "तिथे काय आहे?" दुपारपर्यंत मलाही तोच प्रश्न पडला.

ग्रीक लोक या गावाला थीवा म्हणतात. ग्रीक पुराणकथांतला राजा इडिपस आणि त्याची मुलगी अँटिगनी यांचे हे शहर अलेक्झांडरने इ.स.पू. 335 मध्ये जमीनदोस्त केले, आणि त्याची प्राचीन गढी आजच्या साध्यासुध्या बाजारपेठेखाली गाडली गेली आहे. सात दरवाजांपैकी इलेक्ट्रा दरवाजाच्या दोन गोल बुरुजांचे पाये तेवढे दिसतात, तेही घरांच्या मधोमध. कॉफीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाला मी मोडक्या ग्रीकमध्ये विचारले, "अँटिगनीची जागा कुठे आहे?" तो म्हणाला, "कोणती अँटिगनी? औषधाच्या दुकानातली?" मी खुलासा केल्यावर तो पोट धरून हसला आणि कॉफीचे पैसे घेईना. अथेन्समध्ये पाण्याच्या बाटलीसाठीही असे कोणी केले नव्हते.

मी शोधत होतो ती जागा पाउसानियस या प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात नोंदवून ठेवली आहे. तिचे नाव 'अँटिगनीची फरपट'. इडिपसचे दोन मुलगे सत्तेसाठी एकमेकांच्या हातून मेले. नवा राजा क्रेऑन, म्हणजे त्यांचा मामा, याने इटिओक्लीसला सन्मानाने मूठमाती दिली. परकी फौज घेऊन स्वतःच्या शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसिसचे प्रेत मात्र उघड्यावर टाकायला लावले आणि त्याला माती देणाऱ्याला दगडांनी ठेचून मारण्याचा हुकूम काढला. पाउसानियसला सांगितली गेलेली कथा अशी की, बहीण अँटिगनीने भावाचे प्रेत उचलून पाहिले, ते उचलेना, म्हणून तिने ते ओढत नेऊन इटिओक्लीसच्या जळत्या चितेवर टाकले. पाटी, खूण असे मला काहीच सापडले नाही. एका उतारावर वाळके गवत आणि पायाखाली भुरभुरणारी कोरडी माती तेवढी होती.

त्या मातीत उभा असताना ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या 'अँटिगनी' नाटकातली एक ओळ मला पहिल्यांदा नीट कळली. सुरुवातीलाच अँटिगनी बहीण इस्मेनीला विचारते की, माझ्या या हाताबरोबर तू प्रेत उचलायला येशील का? इतकी वर्षे मी ते धैर्याचे आवाहन समजत होतो. ते आपल्या भाषेत 'खांदा देशील का?' एवढेच आहे. इस्मेनी नाही म्हणते: आपण बायका, सत्ता बलवंतांची, माझा नाइलाज आहे, मी मेलेल्यांची क्षमा मागेन. म्हणून नाटकात प्रेत हलतच नाही. अँटिगनी त्यावर फक्त कोरडी धूळ शिंपडते. पहारेकरी ती झाडून काढतात आणि दुर्गंधी चुकवण्यासाठी वाऱ्याची दिशा पाहून टेकाडावर बसतात. ती पुन्हा येते, उघडे पडलेले प्रेत पाहून घरटे रिकामे झालेल्या पाखरासारखा टाहो फोडते, हातांनी माती आणते आणि काशाच्या झारीतून तीन वेळा जलधारा सोडते. तिथेच ती पकडली जाते.

या नाटकात कुटुंब आणि राज्य दोघांचीही बाजू तोलामोलाची आहे, असे मी शिकलो होतो. थीब्जमध्ये मला ते पटेनासे झाले. शहर वाचले तरच माणसाला आप्तमित्र राहतात हे क्रेऑनचे म्हणणे खोटे नाही, आणि देशद्रोह्याला आपल्या भूमीत पुरू न देण्याचा कायदा खुद्द अथेन्समध्येही होता. पण आपल्याकडे 'मरणान्तानि वैराणि' म्हणतात, तर क्रेऑन म्हणतो की शत्रू मेल्यावरही मित्र होत नाही. अँटिगनीला तो जिवंतपणी गुहेत कोंडतो. पुढे आंधळा द्रष्टा टायरेसियस याच्या इशाऱ्याने तो घाबरतो, तेव्हा नगरातले वृद्ध त्याला बजावतात: आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेताला माती दे. क्रेऑन क्रम उलटा करतो. हुकमातली चूक तो आधी रीतसर दुरुस्त करतो आणि गुहेपाशी पोहोचतो तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो.

परतीच्या बसमध्ये मी इस्मेनीचा दुसरा प्रवेश वाचला. अँटिगनी पकडली गेल्यावर ती धावत येते, मीही यात होते म्हणते, आणि अँटिगनी तिला तो वाटा घेऊ देत नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये काका गेले, तेव्हा चुलतभावाने मला फोन करून स्मशानात बोलावले होते. मोजक्याच माणसांना परवानगी होती आणि मी त्या मोजक्यांत बसत होतो, तरी मी त्याला फोनवर नियम वाचून दाखवला. वर्षश्राद्धाला मी सगळ्यांच्या आधी पोहोचलो. तो काही बोलला नाही. त्याने पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि पाट मांडायला आत गेला.